खुलासा : लिव्हिंगस्टनचा मृतदेह स्टॅन्लीने आणला नाही

आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी व संशोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याविषयी एक मजकूर सध्या फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की, त्यांच्या शोधात गेलेला पत्रकार हेन्री स्टॅन्ली याने त्यांना जंगलातून सोडवले आणि पुढे त्यांचा मृतदेहही इंग्लंडला नेला. हे चूक आहे.

स्टॅन्ली १८७१ मध्ये आजच्या टांझानियातील उजिजीला त्यांना भेटला, औषधे व सामान दिले आणि १८७२ मध्ये परतला. डॉक्टर त्याच्यासोबत इंग्लंडला गेलेच नाहीत. नाईलचा उगम शोधायला ते मागे राहिले. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा स्टॅन्ली तिथे नव्हता.

होते ते सुसी, चुमा, जेकब वेनराइट आणि इतर आफ्रिकी सोबती. त्यांनी हृदय तिथेच झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि दीड हजारांहून अधिक किलोमीटर चालत आजच्या टांझानियातील बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचवला. नऊ महिने लागले. वाटेत काही जण दगावलेही.

आपल्याकडच्या वाचकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी : गुलामगिरीतून सुटलेला वेनराइट आपल्या नाशिकच्या मिशन शाळेत शिकला होता. झाडावर डॉक्टरांचे नाव त्यानेच कोरले. चुमाही काही काळ मुंबईत शिकला.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये दफन झाले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत स्टॅन्ली होता, हे खरे. पण वेनराइटही होता. मजकूर पुढे पाठवणार असाल, तर ही नावे त्यात घाला.