नारळाचा क्लोजिंग स्टॉक

देवाच्या नारळाची किंमत मी शून्य लावली, अशी बातमी सध्या आमच्या वाडीत फिरते आहे. ती मुंबईलाही पोहोचली. विरारच्या आत्याचा फोन आला, तो ‘अभ्यास कसा चाललाय’पासून सुरू झाला आणि ‘देवाधर्माच्या बाबतीत जरा सांभाळून बोलावं रे’वर संपला. तो नियम माझा नाही, शिल्लक मालाची किंमत कशी धरावी हे सांगणाऱ्या हिशोबाच्या नियमाचा, लेखामानक दोनचा आहे, असं आत्याला समजवायला गेलो. ती म्हणाली, "असली संगत सोड."

तर, मी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, झाली आहे आणि मे महिन्यात त्यापुढच्या इंटरचा पहिला गट द्यायचा आहे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत मोबाइलला रेंज मिळते ती एकाच जागी, शिमग्यात पालखी बसते त्या सहाणेच्या कट्ट्यावर, तीही वडाकडे तोंड करून बसलं तर. त्यामुळे माझे ऑनलाइन क्लास तिथेच भरतात. त्याच कट्ट्यावर रविवारी शिमग्याच्या जमाखर्चाची सभा ठरली होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कानातली बोंडं काढून उठेपर्यंत सभा माझ्याभोवती बसलेली होती. खजिनदारांचा चष्मा नेमका मुंबईला राहिला होता. त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "पोरगा बीकॉमला हाय, तो वाचील."

इथे जरा थांबतो, कारण या ‘बीकॉमला हाय’चा मला फार त्रास आहे. सायन्सला गेलेल्या मुलाला कुणी ‘जरा बेडूक कापून दाखव’ म्हणत नाही. बी.कॉम.वाल्याला मात्र जो भेटेल तो आपली वही, पासबुक, गॅस सबसिडीचा मेसेज आणि शेजाऱ्याची भिशी घेऊन येतो. लग्नात आहेर लिहायला मी. बाराव्याला आचाऱ्याचा हिशोब करायला मी. आणि एवढं सगळं करून वर ‘कॉमर्सला कशाला गेलास, दहावीला तर बरे मार्क होते’ हेही ऐकायचं मीच.

असो. वाचन सुरू होण्याआधी अण्णांनी गाऱ्हाणं घातलं. अण्णा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मंडळात त्यांच्याकडे कुठलंही पद नाही, त्यामुळे सभेत सगळ्यात जास्त तेच बोलतात. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तो प्रसंग ते स्वतः तिकिटं फाडत होते अशा थाटात सांगतात. तेव्हा अण्णांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांनी वडाकडे हात जोडले. "हे देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरांनी हिशोबाची सभा लावलेली हाय. त्यात कुनाचं काय चुकलंमाकलं आसंल, कुनी काय खाल्लंपिल्लं आसंल, तर ह्या शिकलेल्या पोराच्या तोंडून त्याचा निवाडा करून दे रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" खजिनदारांचा ‘व्हय’ जरा उशिरा आला.

मी वाचायला लागलो. घरपट्टी पोस्त (म्हणजे दर घरामागची वर्गणी), मुंबई मंडळाकडून आलेले, ढोलाची पानं (कातडी), गॅसबत्त्या, गुलाल, चहा-साखर. खर्चाच्या बाजूला चहा-साखर इतक्या वेळा होती की देव पालखीतून उतरून चहाच पीत असावा. वहीप्रमाणे शिल्लक ६,३१२ रुपये. पत्र्याच्या डब्यात मोजले तर ६,११८. फरक १९४ चा. सभेत ‘हां...’ असा एक लांब आवाज झाला आणि सगळ्यांनी खजिनदारांकडे पाहिलं.

मला मात्र तेवढ्यात जमेच्या बाजूला एक ओळ दिसली. ‘नारळ १४०.’ रुपयांच्या रकान्यात, रुपयांसारखेच लिहिलेले, आणि बेरजेतही धरलेले. माणसाला आयुष्यात फार कमी वेळा असं वाटतं की आपण घेतलेल्या शिक्षणाचा उपयोग झाला. मला तसं वाटलं. मी म्हटलं, "काका, हे नारळ नगाचे आहेत. ते पैशांत मिळवलेत. हे १४० काढा."

"काढा म्हंजे?" अण्णा.

"म्हणजे बेरजेतून वगळा."

"देवाला आलेलं नारळ वगळायचं?"

"नारळ नाही, अण्णा, आकडा वगळायचा. नाहीतर नारळाची किंमत लावावी लागेल."

ही माझी शेवटची सुखाची घटका. किंमत लावायची म्हटल्यावर सभेत उत्साहाची लाट आली. मुंबईहून आलेला एक दादा म्हणाला, दादरला चाळीसला एक. दुसरा म्हणाला, इथे जागेवर पंचविसाने कुणी विचारत नाही. एक काकी दारातूनच ओरडली, "आमच्या माडाचं मोठं व्हतं, त्याचं येगळं धरा!" मग नारळ किती मोठा होता, कुणी पुरता न भरलेला दिला, कुणी गेल्या वर्षीचा सुका दिला यावर भाऊबंदकीतली जुनी प्रकरणं बाहेर आली. कुठल्याशा बांधावरचा माडही निघाला. अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "तुज्या पुस्तकात काय सांगितलंय?"

इथे मी गप्प बसू शकलो असतो. पण तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पुस्तकात काय आहे ते विचारत होतं. मी सांगितलं: साठा शिल्लक असेल तर तो घ्यायला पडलेली किंमत आणि विकून हातात निव्वळ येतील ते पैसे, या दोहोंत जी रक्कम कमी, ती धरायची.

"मंग ह्ये नारळ घेयाला किती पडलं?"

"काही नाही. लोकांनी दिलेत."

"मंग किंमत?"

"शून्य."

काही क्षण वडावरचे बगळेसुद्धा हलले नाहीत. मग अण्णा हळूहळू उभे राहिले. बसच्या मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जाहीर केलं, "ऐका रं! पोरगं काय बोलतंय! देवाचा नारळ, म्हनं, शून्य रुपायाचा!"

मी खूप खुलासे केले. सावधगिरीचं तत्त्व सांगितलं, न झालेला नफा आधीच धरायचा नसतो हे सांगितलं. अण्णा म्हणाले, "नफा? देवाच्या नारळावर तू नफा काढतोस?" एकाने शांतपणे सुचवलं की पोर अभ्यासाने थकलं आहे, त्याला जरा सरबत द्या. मग कुणीतरी विचारलं, शिल्लक नारळ किती? १४० आले, ९५ फोडले, म्हणजे ४५ हवेत. देवळाच्या खोलीत होते ३८. आता परीक्षेच्या भाषेत याला असाधारण नुकसान म्हणतात आणि ते नफातोटा पत्रकाला जातं. वाडीच्या भाषेत ते उंदरांना जातं. सात नारळ उंदरांनी सोलून नेले असा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यावर अण्णांनी एक शब्द विचारला नाही. खोलीची किल्ली अण्णांकडे असते.

आमच्या घरीही माझ्या विद्येचं असंच होतं. ऑनलाइन सरांनी एकदा ओघात सांगितलं की मोठ्या कंपन्यांच्या हिशोबात आंब्याचं झाड हे इमारत आणि यंत्रसामग्रीच्या गटात जातं, त्यावर घसारा निघतो, आणि त्याला लागलेला आंबा मात्र जैविक मालमत्ता. मी जेवताना बाबांना म्हटलं, आपली हापूसची कलमं ही यंत्रं आहेत. बाबा म्हणाले, "मग उद्या जाऊन त्यांना ग्रीस लावून ये." त्यानंतर मी भागीदारीचा धडा घरात काढलेला नाही. तसा तो धडा काढण्यासारखा आहे. विलायतेत तीन भागीदार भांडले, त्यातला विल्किन्स बुडाला, बाकीच्या दोघांचं भांडण १९०४ साली कोर्टात निकाली निघालं, आणि तेव्हापासून गार्नर विरुद्ध मरे या नावाने बुडालेल्याची तूट उरलेल्यांनी भांडवलाच्या प्रमाणात सोसायची हे सगळी कॉमर्सची पोरं पाठ करत आली आहेत. ज्याने बुडवलं त्याचं नाव खटल्यात नाहीच. आमच्या वाडीत अशी निदान चार प्रकरणं आहेत, पण त्यांचा अभ्यासक्रमात कुणी विचार केला नाही.

हसण्यावारी नेतो आहे, पण राग खरा आहे. तीन वर्षांत मला खराब माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला नम्र तक्रारपत्र कसं लिहावं हे शिकवलं. मागणीचा वक्र कुठे झुकतो ते शिकवलं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे सगळं पट्टीने रेघा मारून लिहून घेतलं. आणि राजापूर-रत्नागिरीच्या दुकानांतून जाहिरात येते ती ‘टॅली व जीएसटीचे ज्ञान, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’. जीएसटीचं पोर्टल कॉलेजात कुणी उघडून दाखवलं नाही; सरांनी फळ्यावर चौकट काढली आणि म्हणाले, हे असं दिसतं. १ जुलै १९४९ ला सीएंची संस्था स्थापन झाली म्हणून तो सीए दिवस, आणि बरोबर १ जुलैलाच २०१७ साली सरकारने जीएसटी आणला. वाढदिवसाला भेट द्यावी ती अशी, जन्मभर पुरणारी.

इंटरची तर तऱ्हाच निराळी. एका गटात शंभर-शंभराचे तीन पेपर. प्रत्येकात ४० हवेत आणि तिन्ही मिळून १५०. एकेका पेपरात चाळिशी ओलांडली आणि बेरीज १४९ झाली, की नापास. एखाद्यात ६० असतील तर तेवढ्यातून सुटका, बाकीचं पुन्हा. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ‘आधी बी.कॉम. होऊ दे, ५५ टक्के पडले की फाउंडेशन न देता सरळ इंटरला बसू’ म्हणत निवांत क्रिकेट खेळताहेत. मी बारावीनंतर फाउंडेशन देऊन बसलो, म्हणून मला कट्ट्यावर नारळ.

तर सभा. नारळाचे १४० कसेबसे निघाले (वहीत ते ‘किंमत न करता’ असं लिहावं, ही अण्णांची दुरुस्ती). तरी फरक राहिला ५४. आता ५४ पाहिल्यावर अकाउंट्सच्या कुठल्याही विद्यार्थ्याचे डोळे चमकतात. फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते आधी शोधायचं. मी खर्चाची पानं उलटली. ‘फुलं २८.’ वहीच्या मागच्या खिशात फुलवाल्याची चिठ्ठी होती, हळदीचं बोट लागलेली. तिच्यावर स्पष्ट ८२. ब्याऐंशी वजा अठ्ठावीस, चोपन्न. मी वही वर धरली. एवढा आनंद मला फाउंडेशनच्या निकालालाही झाला नव्हता.

"सापडलं! फुलांचे ८२ दिले, लिहिले २८. हिशोब जुळला!"

खजिनदारांनी डोळे पुसले. अण्णांनी नाही. "जुळला म्हंतोस. मंग ते चोपन्न रुपये दे हिकडं."

"कुठले?"

"जे सापडलं ते."

"अण्णा, पैसे नाही सापडले. चूक सापडली. पैसे फुलवाल्याकडे गेलेत."

"मंग फुलवाल्याकडनं आन."

"त्याचे ते हक्काचे आहेत. त्याला ८२ च द्यायचे होते."

"मंग डब्यात कमी का?"

"कमी नाहीतच! वहीत जास्त दिसत होते."

"म्हंजे वहीत व्हते."

"दिसत होते."

"तू आत्ता सभेपुढं वाचलास. आमी समद्यांनी ऐकलं. सहा हजार तीनशे बारा. व्हय का न्हाय?"

सभा म्हणाली, "व्हय." गाऱ्हाण्याची सवय.

अण्णांनी मग आपल्या नोकरीतला नियम सांगितला. रात्री डेपोत भरणा करताना तिकिटांच्या हिशोबापेक्षा पिशवीत पैसे कमी निघाले, तर ते कंडक्टरने खिशातून भरायचे. चूक कुणाची, सुट्टे कुणी नेले, घाटात दिवा गेला होता की नव्हता, डेपो विचारत नाही. हिशोब ज्याच्या हातात, भरणा त्याचा. आणि वही सध्या कुणाच्या हातात आहे, एवढंच अण्णांनी सभेला विचारलं. मी ती लगेच खजिनदारांकडे सरकवली, पण उशीर झाला होता. खजिनदार तोपर्यंत चहाची व्यवस्था बघायला उठले होते.

मी चोपन्न रुपये भरले. पन्नासची नोट आणि दोन-दोनची दोन नाणी, डब्यात टाकताना अण्णांनी मोजून घेतली. मग मी पावती मागितली. खर्चाला प्रमाणक हवं, ही माझी या सभेतली शेवटची शैक्षणिक मागणी. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच सुट्टे न देता बसमध्ये चढलो आहे, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "येवडा शिकलास, आनि चोपन्न रुपायाची पावती मागतोस?"