भुसा आणि गोंद कालवून लाकूड होत नाही

सुतारकामाची हौस असणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मजकूर साधारण असा: 'करवतीखालचा भुसा फेकू नका. पांढऱ्या गोंदात कालवा, कुठल्याही भेगेत भरा. वाळला की तेच लाकूड! रंग तोच, ताकद तीच, पॉलिशही तसंच चढतं.' सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. घासून गुळगुळीत केलेल्या जागेवरून बोट फिरतं आणि व्हिडिओ संपतो. पॉलिश चढवल्यानंतरचं कधी दाखवत नाहीत.

भुसा मीही साठवतो. पण तो गोंदात कालवला की त्याचं वागणं गोंदासारखं होतं, लाकडासारखं नाही. या सल्ल्यातल्या सगळ्या चुका इथूनच निघतात.

आधी रंगाचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. 'त्याच लाकडाचा भुसा, म्हणजे रंग तोच' हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण फळीकडे बघताना आपल्याला आडवे पडलेले तंतू दिसतात. भुशात त्याच तंतूंचे तुकडे वाट्टेल तसे पडलेले असतात आणि कित्येकांची कापलेली तोंडं वर असतात. फळीला तेल लावताना तिचं कापलेलं टोक बाकीच्या फळीपेक्षा काळवंडतं, ते आठवा. शिवाय गोंद प्यायलेला भुसा वाळला तरी ओल्या लाकडासारखा गडदच राहतो. त्यामुळे नुसतं पारदर्शक पॉलिश मारलं, तर भरलेली जागा आजूबाजूपेक्षा काळपट दिसते.

आणि लाकडाला रंग चढवायला गेलात, तर नेमकं उलटं होतं. वाळलेला पांढरा गोंद रंग पीत नाही. आजूबाजूचं लाकूड गडद होतं आणि तुमचं ठिगळ फिकट राहतं. एका टाकाऊ फळकुटावर शेजारी शेजारी दोन भोकं पाडून बघा. एकात हा लगदा भरा, दुसऱ्यात त्याच फळकुटातून काढलेली खुंटी तंतूंची दिशा जुळवून ठोका. दोन्ही घासा, अर्ध्या भागावर रंग लावा, सगळ्यावर पॉलिश मारा. खुंटी शोधावी लागेल. लगदा दोन्ही अर्ध्यांत दिसेल, एकीकडे काळा, एकीकडे पांढुरका.

वय हा वेगळाच घोळ. ताजं रंधलेलं सागवान उजेडात हळूहळू सोनेरी तपकिरी होतं, पडौक या लाकडाचा भडक नारिंगी-लाल रंग तपकिरीकडे जातो, अक्रोड मात्र वर्षांगणिक फिकटतो. गोंदात बुडालेला भुसा त्यांच्या पावलावर पाऊल टाकून बदलेल याची काही खात्री नाही. आज जुळलेला रंग पुढेही जुळेल असं धरून चालू नका.

'ताकद तीच' हा दावा तर सरळ चूक. लाकडाची ताकद त्याच्या लांब, सलग तंतूंत असते आणि भुसा म्हणजे ते तंतू तुटूनच तयार झालेला माल. सुतळीचे बारीक तुकडे करून खळीत कालवले तर वाळल्यावर सुतळी होत नाही. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात हा लगदा भरला की स्क्रू थोडे दिवस धरल्यासारखा वाटतो, मग पुन्हा फिरायला लागतो. तिथे भोक मोठं करून लाकडी खुंटी बसवणं हाच उपाय. खुर्चीचं कुसू (भोकात बसणारं लाकडाचं टोक) डुगडुगत असेल तर भुशाऐवजी रंध्यातून निघालेला लांब, सलग छिलका घ्या, गोंद लावून कुसवाभोवती चिकटवा आणि घट्ट बसवा. पांढरा गोंद दोन लाकडं चिकटून बसली तरच धरतो, पोकळी भरून काढणं त्याचं काम नाही. छिलका ती पोकळी खऱ्या लाकडाने भरतो. या कामात मला छिलका भुशापेक्षा दसपट उपयोगी वाटतो, पण त्याचे व्हिडिओ कोणी काढत नाही.

एक अपवाद मान्य करायला हवा. लाकडी होड्या बांधणारे इपॉक्सीत (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदात) बारीक लाकूडपीठ घालून सांधे भरतात आणि ते सांधे भार घेतात. पण तिथे धरून ठेवणारा इपॉक्सी असतो. पीठ त्याला दाट करतं, म्हणजे तो ओघळत नाही.

आता 'कुठल्याही भेगेत'. पांढऱ्या गोंदात साधारण निम्मं पाणी असतं. ते उडालं की भरलेला लगदा खाली बसतो, म्हणून खोल जागा एका दमात भरत नाही. पण खरी अडचण लाकूड हलतं, म्हणजे ओलाव्याने फुगतं-आकसतं, ही आहे. लांबीच्या दिशेने ते नगण्य हलतं, रुंदीत मात्र चांगलंच. सागवान हलणाऱ्यातलं नव्हे, तरी ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जवळपास ६ टक्के आकसतं. मी एका टेबलाच्या फळीतली हातभर लांब भेग कोरड्या हवेत अशी भरली होती. दमट हवेत फळी फुगली, पुन्हा सुकली आणि भरावाच्या एका कडेने केसाएवढी रेघ उघडली. नखाने उचललं तर अख्खी पट्टी चामड्याच्या वादीसारखी हातात आली. लांब भेगेला त्याच जातीच्या लाकडाची निमुळती कापलेली पट्टीच लागते.

'सगळा भुसा जपून ठेवा' हेही नको. करवतीचा भुसा भरड असतो, भरावात ठिपके दिसतात. कामाचा असतो तो पॉलिशपेपरने निघालेला पिठासारखा भुगा, तोही एका बाटलीत एकाच जातीचा, वर चिठ्ठी लावून. एमडीएफचा (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेल्या बोर्डाचा) भुगा सरळ फेकून द्या. तेल लागलेला भुसा साठवू नका, तो आपोआप तापून पेटू शकतो. आणि मास्क लावा: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत घातली आहे.

मग त्या बाटल्या कशाला? चुकीच्या ठोक्याने पडलेली खिळ्याची टोचणी, जडावाच्या (लाकडात बसवलेल्या नक्षीच्या) कडेला राहिलेली केसभर फट, गाठीतलं बारीक भोक, एवढ्यासाठी. केसभर फटीत पातळ इन्स्टंट गोंदाचा थेंब सोडून लगेच पॉलिशपेपर फिरवला की भुगा आपोआप आत बसतो (धूर डोळ्यांना झोंबतो, खिडकी उघडी ठेवा). रंगाची शंका असेल तर फिकटपेक्षा गडद भुगा घ्या. गडद ठिपका गाठीसारखा वाटतो, फिकट ठिपका चुकीसारखा.

सजावटीत मात्र भुशाला खरी मजा आहे, कारण तिथे त्याला लपायचंच नसतं. फिकट लाकडात अक्षरं किंवा रेघा कोरा, शिसवीचा भुगा पारदर्शक इपॉक्सीत कालवून कडेच्या थोडा वर येईल इतका भरा, कडक झाला की घासून सपाट करा. फक्त भरण्याआधी कोरलेल्या खाचांना चपड्याचा एक पातळ हात द्या. नाहीतर गडद रंग तंतूंतून बाजूला झिरपतो आणि अक्षरांना मिशा फुटतात.