श्रेय थंडीला, की छाटणीला?

हिरोसाकी किल्ल्यातील चेरीच्या दाट बहराचे सारे श्रेय तुमच्या लेखात उत्तर जपानच्या थंड हवेला दिले आहे, ते पटले नाही. थंडीमुळे तेथील बहर उशिरा, बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात येतो हे खरे. परंतु फांद्या अशा लगडतात त्यामागे माळ्यांची मेहनत आहे. हा किल्ला ज्या आओमोरी प्रांतात आहे, तो जपानमधील सर्वाधिक सफरचंदे पिकवणारा प्रांत. चेरीची फांदी कापणे म्हणजे मूर्खपणा, असा समज जपानभर रूढ असताना, किल्ल्याच्या उद्यानातील कर्मचाऱ्यांनी सफरचंदाच्या बागेतील छाटणीची आणि खत देण्याची पद्धत चेरीवर वापरली. येथील सोमेइ-योशिनो या चेरीच्या जातीच्या झाडाचे आयुष्य एरवी साठेक वर्षांचे मानले जाते. येथे मात्र शंभरी ओलांडलेली कितीतरी झाडे असून, 1882 साली लावलेले एक झाड आजही फुलते.

आम्ही गेलो तेव्हा सगळ्यांचे कॅमेरे खंदकातील पाकळ्यांच्या गुलाबी थराकडे वळलेले होते, तर माझे लक्ष जुन्या खोडांकडे गेले. मोठ्या फांद्या कापल्याच्या जागी लेप लावलेला होता आणि त्याच्या शेजारूनच फुटलेल्या कोवळ्या फांदीवर फुलांचे घोस होते. द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण छाटणी केल्यावाचून असा बहर येत नाही, हे मला कोणी सांगावे लागले नाही. पुढील लेखात तेथील माळ्यांच्या कामाविषयी सविस्तर वाचायला आवडेल.