ब्लॅकजॅकची सिस्टिम घेऊन गोव्याला निघालाय? मग हे ऐकून जा

सर्वात आधी अभिनंदन. ब्लॅकजॅक म्हणजे काय, तर कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्या डीलरपेक्षा आपल्या पत्त्यांची बेरीज 21 च्या जास्त जवळ न्यायची, पण वर जाऊ द्यायची नाही. अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ बघून तुम्हाला जे कळलं ते मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांच्या मालकांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही, की हरलो तर पुढचा डाव डबल लावायचा, परत हरलो परत डबल, कधीतरी जिंकूच ना, आणि जिंकलो की मागचं सगळं वसूल वर पाचशे रुपये फायदा. बिचारे अजूनही फीडर बोट पाठवून तुम्हाला पणजीच्या जेट्टीवरून उचलून नेतात, वर बुफे, वर दारू. भोळी माणसं आहेत हो.

याला मार्टिंगेल म्हणतात, नाव पण भारी आहे. आणि जुनं आहे हं. प्रेमप्रकरणांसाठी गाजलेला कॅसानोव्हा 1754 साली व्हेनिसमध्ये हेच खेळला आणि इतकं चाललं की शेवटी प्रेयसीचे हिरे विकायला लागले आणि मग हिऱ्यांचे पैसेही गेले, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पण त्याच्याकडे एक्सेल नव्हतं, तुमच्याकडे आहे, त्यामुळे घाबरू नका.

तर एक्सेल उघडा. समजा टेबल पाचशे ते पन्नास हजारचं आहे. 500, 1000, 2000, 4000, 8000, 16000, 32000. सात डाव सलग गेले की 63,500 रुपये गेले, आणि आठवा डाव 64 हजारांचा, तो टेबल घेतच नाही. आता तुम्ही म्हणाल सलग सात वेळा कोण हरतं. पुश, म्हणजे बरोबरीत सुटलेले डाव, सोडून दिले तर ब्लॅकजॅकमध्ये एक हात, म्हणजे एक डाव, हरायची शक्यता 53-54 टक्के असते, तेव्हा सलग सात म्हणजे साधारण ऐंशीत एकदा. तासाला साठ-सत्तर हात होतात, तुमची एक फेरी, पाचशेपासून जिंकेपर्यंत, सरासरी दोनेक हातांत संपते, म्हणजे सरासरी अडीच-तीन तासांत एकदा ही वेळ येते. बुफे सुरू व्हायच्या आधी खेळायला बसलात तर गुलाबजामपर्यंत.

सातव्या डावाला 32 हजार सरकवताना हात जरा थरथरेल, तेव्हा फक्त आठवा की हे आपण पाचशे रुपयांसाठी करतोय.

आणि त्याच डावात देव तुम्हाला 11 देईल आणि डीलरसमोर 6 उघडा पडेल, म्हणजे शेंबडं पोरही सांगेल डबल कर, तेवढेच पैसे आणखी लाव आणि एकच पत्ता घे, ब्लॅकजॅकमधली सर्वात गोड जागा ती. पण डबल करायला अजून 32 हजार लागतात, आणि तुमच्या सिस्टिमने ते आधीच खाल्लेत. म्हणजे ज्या दोन-चार जागांवर खेळणाऱ्याला खरा फायदा असतो, डबल आणि स्प्लिट (सारखे दोन पत्ते आले की तेवढेच पैसे आणखी लावून त्यांचे दोन हात करायचे), तिथेच नेमका खिसा रिकामा. व्हिडिओत हे सांगितलं नव्हतं का? अकरा मिनिटांत काय काय सांगणार.

आता ते हाऊस एज, हाऊस एज करणारे लोक भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ते म्हणतात की कॅसिनोचा फायदा येतो एका साध्या गोष्टीतून, तुम्ही आधी खेळता. तुम्ही 22 ला बस्ट झालात, म्हणजे 21 च्या वर गेलात, की पैसे तेव्हाच उचलले, मग डीलर पण बस्ट झाला तरी तुमचं काय, गेले ते गेले. पूर्ण पाठ केलेली बेसिक स्ट्रॅटेजी खेळलात आणि नियम बरे असले तर हा फायदा घासून घासून अर्ध्या टक्क्यापर्यंत येतो. हजार रुपयाला पाच रुपये. ही स्ट्रॅटेजी अमेरिकेत सैन्यात असलेल्या चार जणांनी साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून 1956 मध्ये छापली, फुकट मिळते. पण तिच्यात मजा नाही, ती फक्त कधी पत्ता घ्यायचा, कधी थांबायचं आणि कधी डबल-स्प्लिट करायचं एवढंच सांगते, किती लावायचे ते सांगत नाही. आपल्याला तर किती लावायचे यातच सगळी अक्कल दाखवायची असते.

मी एकदा रिकाम्या दुपारी हिशेब केला. दर डावाला पाचशे-पाचशेच लावत बसलात तर त्या अडीच-तीन तासांत टेबलावर एकूण ऐंशी-पंच्याऐंशी हजारांची उलाढाल होते. मार्टिंगेलने तेवढ्याच वेळात तीन-साडेतीन लाखांची. कॅसिनोचा अर्धा टक्का उलाढालीवर असतो, तुमच्या हुशारीवर नाही, त्यामुळे सिस्टिम आणून तुम्ही त्यांचा धंदा चौपट केलात. पाचशेचे छोटे छोटे विजय खूप, पराभव एकच पण घसघशीत, बेरीज मात्र उणेच, कारण उण्या डावांना कुठल्याही क्रमाने, कुठल्याही आकारात रचलं तरी ते उणेच राहतात. आणि तुम्ही चुकून टेबलावर 3:2 ऐवजी 6:5 लिहिलंय हे बघितलंच नाही तर आणखी साधारण 1.4 टक्के त्यांना दान. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता, लागला की हजारावर दीडहजारच्या जागी बाराशे मिळतात, पण तुम्ही त्या वेळी टाळ्या वाजवत असता.

मार्टिंगेलची भीती वाटत असेल तर दालांबेरची घ्या, हरलात की एक युनिट वाढवा, जिंकलात की एक कमी. कसं सुसंस्कृत वाटतं. ज्याच्या नावाची ही सिस्टिम आहे तो फ्रेंच गणिती मोठा माणूस, पण त्याच 1754 साली त्याने छापून सांगितलं होतं की नाणं दोनदा उडवलं तर किमान एकदा छापा पडायची शक्यता 2/3. शाळेतलं पोरगं 3/4 सांगतं. नाव अगदी शोभून दिसतं.

"आता माझी वेळ आलीय" हे वाक्य मात्र विसरू नका, त्याशिवाय सिस्टिमला बळ येत नाही. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत 1913 मध्ये रूलेटच्या लाल-काळ्या चाकावर सलग 26 वेळा काळा आला आणि लोक प्रत्येक वेळी आता लाल येणारच म्हणून पैसे ओतत होते. तुम्ही बघालच, रूलेटच्या टेबलाशेजारी मागचे सगळे आकडे दाखवणारा झगमगीत बोर्ड असतो, बाकारा या पत्त्यांच्या खेळाला तर मागचे निकाल टिपायला कागद-पेन्सिल पण देतात. इतके उदार लोक, स्वतःचं गुपित स्वतःच टांगून ठेवतात! आमच्याकडे मटक्याचा चार्ट काढणारे काका होते, त्यांना कोणी फुकट वही सुद्धा दिली नाही.

मध्येच एखादा शहाणा म्हणेल, अरे पण ब्लॅकजॅक हरवता येतो, पत्ते मोजून. हे खरंय, आणि म्हणूनच कंटाळवाणं आहे. आपल्याकडची जुनी गोष्ट आहे, विदर्भाच्या दमयंतीचा नवरा नळ फाशांवर राज्य हरला, आणि परत मिळवलं ते पैज डबल करून नाही, ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं उभ्या उभ्या मोजून दाखवली तेव्हा त्याच्याकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकून, आणि तीही फुकट नाही, बदल्यात अश्वविद्या देऊन. पुढे 1960 च्या आसपास एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने आयबीएम 704 कॉम्प्युटरवर हेच केलं, गड्डीत दहाचे पत्ते आणि एक्के जास्त उरले की फायदा तुमच्याकडे झुकतो, तेव्हा जास्त लावा. फरक बघा, तो उरलेले पत्ते बघून पैसे वाढवतो, तुम्ही आपण मागच्या डावाला हरलो हे बघून. पत्त्यांना ते माहीतच नसतं. आणि मोजायला तासन् तास डोकं शांत लागतं, दारू सोडावी लागते, एवढं करून मिळणार एखादा टक्का, आणि सतत पिसणारं मशीन टेबलावर असलं तर तोही नाही. नको ते.

जाता जाता एक किरकोळ गोष्ट. चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे, ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 40. कर आतच धरला तर लाख रुपयांत 71 हजारांच्या चिप्स. जिंकलात तर 30 टक्के इन्कम टॅक्स, आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. पण तुम्ही अर्ध्या टक्क्याला हरवायला निघालाय, या गोष्टी मनाला लावून घेऊ नका.

माझा एक मावसभाऊ हीच सिस्टिम घेऊन गेला होता. पहिल्या दोन तासांत नऊ हजार वर होता, फॅमिली ग्रुपवर चिप्सच्या ढिगाऱ्याचा फोटो आला, मावशीने हात जोडल्याचा इमोजी पाठवला. मग बराच वेळ काही आलं नाही. पहाटे पाचला त्याने मला फोन करून बसच्या तिकिटाचे पैसे पाठवायला सांगितले. सिस्टिमबद्दल त्याची काही तक्रार नाही, त्याचं म्हणणं लिमिट आड आलं. आता त्याला एक लाख लिमिटचं टेबल सापडलंय, फक्त आठव्या डावाचे 64 हजार कमी पडतायत, म्हणून पार्टनर शोधतोय. तुमचा नंबर देऊ का त्याला?