विंकलरला शिव्या घालण्याआधी बाटली बघा

प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मोजण्याबद्दलचा तो मेसेज फिरायला लागतोच. ‘डीओचं टायट्रेशन 1888 चं जुनाट आहे, रीडिंग कधी जुळत नाही, मीटर बुडवा आणि मोकळे व्हा. 8 च्या खाली आलं तर पाणी प्रदूषित, वर गेलं तर शुद्ध.’ यातलं 1888 तेवढं बरोबर आहे, हंगेरीच्या विंकलरने तेव्हाच ही टायट्रेशनची, म्हणजे थेंबथेंब रसायन घालून रंग बदलेपर्यंत मोजायची, पद्धत छापली. (ऑक्सिजनचे आकडे सगळे लिटरमागे मिलिग्रॅमचे.)

आता ‘जुळत नाही’चं बघू. मुलांचं खरंच जुळत नाही हो, पण का? मुठेचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत अर्धं भरून, बाइकच्या डिकीत खळखळ हलवत दोन तासांनी लॅबमध्ये येतं, तोवर वरच्या हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळलेला असतो नाहीतर आतल्या जंतूंनी होता तोही खाऊन टाकलेला असतो, मग ब्युरेट (टायट्रेशनची मापनळी) कितीही डोळे फाडून वाचा, मोजताय ते डिकीतलं पाणी. 300 मिलीची बीओडी बाटली (घट्ट काचेच्या बुचाची) घ्या, नळी तळाशी ठेवून भरा, थोडं वाहू द्या, एकही बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड तिथेच काठावर घालायचं, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. तपकिरी गाळ आला की ऑक्सिजन अडकला. गाळ पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, म्हणजे टायट्रेशनआधीच अर्धं उत्तर फुकटात! मग ॲसिड घालून अंधारात ठेवलं तर काही तास टिकतं.

दुसरा घोळ हायपोचा, म्हणजे ब्युरेटमधून टाकायच्या सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाचा. 0.025 नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) हायपो आणि 200 मिली सॅम्पल असेल तर 1 मिली म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम, इतकं सोपं गणित, पण हायपो ताजा तपासलेला हवा. मी स्वतः एकदा साध्या नळाच्या पाण्यात 11 आणलाय आणि खुशीत जर्नलमध्ये लिहिलाय, सरांनी बाजूला फक्त प्रश्नचिन्ह काढलं. हायपो जुना, पातळ झालेला, म्हणून जास्त लागला; डायक्रोमेटने (ठाऊक तीव्रतेच्या द्रावणाने) तपासायचा मी कंटाळा केला होता. विंकलर बिचारा काय करणार.

टायट्रेशनच्या शेवटी गेलेला निळा रंग (स्टार्चला आयोडीन लागलं की येतो तो) लगेच परत येतो अशीही तक्रार असते. सांडपाण्यातलं नायट्राइट आयोडीन सोडत राहतं म्हणून येतो, ते थांबवायलाच अझाइड असतं.

मीटर वाईट नाही, नदीवर तर सोयीचाच. पण तोही कॅलिब्रेट करावा लागतो, आणि पडद्यावाला जुना प्रोब (मीटरचं पाण्यात बुडवायचं टोक) स्वतःच ऑक्सिजन खातो, त्यामुळे थांबलेल्या पाण्यात नुसता धरून ठेवला तर आकडा खाली सरकत जातो. मीटर खरं बोलतोय का हे बघायला शेवटी विंकलरच करतात.

8 ची रेषा मात्र निव्वळ थाप. समुद्रसपाटीला 25 अंशांना पाण्यात हवेतून जास्तीत जास्त 8.26 मावतो, 30 अंशांना 7.56. पुणं साधारण 560 मीटरवर, तिथे आणखी सहा-सात टक्के कमी. म्हणजे एप्रिलच्या दुपारी अगदी स्वच्छ पाणीही 7 च्या आसपासच, ते काय प्रदूषित? उलट हिरव्यागार शेवाळलेल्या तळ्यात दुपारी 3 ला 12 सुद्धा मिळू शकतो, आणि तेच तळं पहाटे 2 वर येतं, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतंच. म्हणून तर अशा तळ्यात मासे बहुतेक पहाटे मरतात. सॅम्पल कधी घेतलं आणि पाणी किती अंशांचं होतं हे नसेल तर त्या आकड्याचं करायचं काय, आणि मी पाहिलेल्या बहुतेक जर्नलांत या दोन गोष्टींना रकानाच नसतो.