बेपत्ता माणूस आणि परदेशातले आपण

मुंबईतून कोणी बेपत्ता झाल्याची बातमी आली की इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर ती तासाभरात पोचते आणि लगेच तपास सुरू होतो. ‘नवऱ्याला उचला, सगळं बाहेर येईल.’ ‘मोबाइल बँडस्टँडला बंद झालाय, म्हणजे समुद्र.’ ‘मेसेजला डबल टिक आली, जिवंत आहे ती.’ ‘पोलीस काहीतरी दाबतायत.’ यातलं बहुतेक काळजीपोटी येतं, यात शंका नाही. इतक्या लांबून धावाधाव करता येत नाही, म्हणून माणूस तर्क करत बसतो. पण या तर्कांचा मुंबईतल्या तपासाला उपयोग तर होत नाहीच, उलट उपद्रव होतो.

आधी त्या डबल टिकचं बघू. व्हॉट्सअॅपची दुसरी टिक येते ती मेसेज फोनवर किंवा त्या खात्याला जोडलेल्या कुठल्याही उपकरणावर पोचला की. घरच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप वेब उघडं राहिलं असेल तर फोन खाडीच्या तळाशी असला तरी दुसरी टिक येऊ शकते. तिच्यावरून माणूस जिवंत आहे, फोन चालू आहे किंवा फोन त्याच्याच हातात आहे, यातलं काहीच ठरत नाही. त्या टिकचा स्क्रीनशॉट बेपत्ता माणसाच्या आईला पाठवणाऱ्याने हे आधी समजून घ्यायला हवं. घरच्यांनी तो लॅपटॉप लॉगआउट करू नये, पासवर्डचे अंदाज मारू नयेत. खातं लॉक झालं तर तपासाचे दिवस वाया जातात.

मोबाइलच्या ‘शेवटच्या लोकेशन’चंही तसंच. सीडीआरमध्ये, म्हणजे मोबाइल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदीत, येतो तो टॉवरचा पत्ता, माणसाचा नव्हे. टॉवरवरचा एक अँटेना साधारण १२० अंशांचा पट्टा सांभाळतो. मुंबईच्या दाट वस्तीत तो पट्टा काही शे मीटरचा असेल, पण समुद्रकाठी पाण्यावरून सिग्नल लांबवर जातो आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचा टॉवरही लागू शकतो. ‘स्विच्ड ऑफ’ ऐकू आलं म्हणजे नेटवर्कला फोन सापडत नाही, एवढंच कळतं. बॅटरी संपली, फोन पाण्यात पडला, कोणी मुद्दाम बंद केला किंवा सिम काढलं, सगळ्याला बाहेरून ऐकू येणारं उत्तर तेच असू शकतं. शिवाय सीडीआर कुठे पळून जात नाही. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना तो किमान दोन वर्षं ठेवावा लागतो, आणि उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत मागितला की मिळतो.

पळून जातं ते सीसीटीव्हीचं फुटेज, आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. दादर किंवा पार्ल्याच्या साध्या सोसायटीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, घ्या. आठ कॅमेरे, एक टीबीची हार्ड डिस्क. प्रत्येक कॅमेरा २ एमबीपीएसने (सेकंदाला दोन मेगाबिट) चोवीस तास रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला एकाचे साडेएकवीस जीबी, आठांचे १७० च्या वर. पाच-सहा दिवसांत डिस्क भरते आणि नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं. ग्रुपवर नवऱ्याची उलटतपासणी रंगलेली असते तेव्हा मुंबईत कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या डीव्हीआरमधून माणूस हरवला तो दिवसच पुसला जात असतो. माणूस कुठल्या गल्लीतून कुठे वळला, एकटा होता की बरोबर कोणी होतं, हे सांगणारी गोष्ट बहुधा तीच असते.

म्हणून शेजाऱ्यांनी करायचं काम ठरलेलं आहे. पहिल्याच दिवशी घरापासून स्टेशनपर्यंतच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांची आणि सोसायट्यांची यादी करायची, सेक्रेटरीला आणि दुकानदाराला भेटायचं, आणि माणूस निघाला त्याच्या दोन तास आधीपासून नंतरच्या दोन तासांपर्यंतचं फुटेज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला सांगायचं. बरेच डीव्हीआर फॅट-३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह घेतात, तेव्हा तो घरून तयार करून न्यावा. डीव्हीआरचं घड्याळ हमखास चुकीचं असतं, कुठे चार मिनिटं, कुठे चाळीस. स्क्रीनवरची वेळ आणि शेजारी धरलेल्या मोबाइलवरची वेळ, दोन्ही एकाच फोटोत घ्यायच्या. हा फोटो नसला तर दोन दुकानांचं फुटेज एकमेकांशी जुळत नाही. मग ‘मधली वीस मिनिटं गायब आहेत’ असा शोध लागतो आणि त्या वीस मिनिटांवर आठवडाभर चर्चा होते.

स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ कोर्टात फारसा कामाचा नाही. मूळ फाइल लागते, आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र. त्याचे आता दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. हे पोलीस करतील. आपण फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवायची नाही, कारण तिथे ती लहान (कॉम्प्रेस) केली जाते आणि मूळची राहत नाही.

इंग्लंडमध्ये या सगळ्याचा मोठा धडा २०२३ मध्ये मिळाला. जानेवारीच्या शेवटी लँकेशायरमध्ये वायर नदीकाठी कुत्र्याला घेऊन फिरायला गेलेली एक महिला बेपत्ता झाली. फोन बाकावर पडलेला, कुत्रा मोकळा. ती नदीत पडली असावी, हा पोलिसांचा अंदाज पहिल्यापासून होता. पण ‘मग इतके दिवस सापडत कशी नाही?’ या एका प्रश्नावर टिकटॉकवाले गावात उतरले, लोकांच्या आवारात शिरले, रात्री टॉर्च घेऊन फिरले, आणि जमाव पांगवायला पोलिसांना खास अधिकार वापरावे लागले. १९ फेब्रुवारीला मृतदेह नदीतच मिळाला, सुमारे मैलभर खाली. थंड पाण्यात पडून अपघाती मृत्यू, असा निष्कर्ष जूनमध्ये निघाला. ‘सापडत कशी नाही’ याचं उत्तरही साधंच होतं. बुडालेला देह आधी तळाशी जातो आणि आत वायू तयार झाले की वर येतो. कडाक्याच्या थंडीत त्याला काही आठवडे लागू शकतात. मुंबईच्या कोमट पाण्यात हेच बहुधा दोन-तीन दिवसांत होतं, आणि दिवसातून दोनदा येणारी भरती-ओहोटी तोवर देहाला कुठल्या कुठे नेते. वायर नदीवरून वर्सोव्याच्या खाडीचे अंदाज बांधणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

त्या प्रकरणात पोलिसांचंही चुकलं. कॉलेज ऑफ पोलिसिंग या, तिथल्या पोलिसांच्या कामाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या नोव्हेंबर २०२३ च्या अहवालाने सांगितलं की माध्यमांशी वेळेवर न बोलल्यामुळे अफवांना जागा मिळाली, आणि त्या महिलेच्या तब्येतीची खासगी माहिती जाहीर करण्याची गरज नव्हती. मुंबईत तर बेपत्ता माणसाच्या घरच्यांना कित्येकदा आठवडाभर कोणी काही सांगत नाही. ‘पोलीस दाबतायत’ हे वाक्य बहुतेक वेळा त्या गप्प बसण्यातून जन्माला येतं. त्यावर तोडगा एकच: तपासी अंमलदाराचं नाव आणि नंबर पहिल्या दिवशी लिहून घ्यायचा, आणि घरातल्या एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी, त्यांच्याशी बोलायचं. सहा नातेवाइकांनी सहा वेळा फोन केले तर सहा वेगळ्या गोष्टी तयार होतात.

आणि ज्यांना वाटतं की चर्चेने निदान कोणाचं वाईट तर होत नाही, त्यांनी २०१३ चं बॉस्टन आठवावं. मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या हौशी तपासनिसांनी महिनाभर बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. घरच्यांनी त्याला शोधण्यासाठी उघडलेल्या पानावर शिव्यांचा पाऊस पडला. नंतर त्याचा मृतदेह नदीत सापडला. स्फोट झाला तेव्हा तो जिवंतही नव्हता.

खरी फट कुठे आहे, ते आता सांगतो. मुंबईत माणूस बेपत्ता झाला की पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’, म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार, नोंदवली जाते. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे अपहरण गृहीत धरून थेट एफआयआर. चोवीस तास थांबा असं कोणी सांगितलं तर तसा कायदा नाही, हे ठामपणे सांगा. अनोळखी मृतदेह मिळाला तर त्याची नोंद अपमृत्यू म्हणून होते, ती ज्या हद्दीत मिळाला तिथे. बोरिवलीच्या माणसाची मिसिंग मुंबई पोलिसांकडे. तो विरारला रुळांवर सापडला तर नोंद लोहमार्ग पोलिसांकडे, स्टेशनबाहेर सापडला तर मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाकडे, खाडीपलीकडे सापडला तर ठाणे किंवा नवी मुंबई. उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यातली कित्येक अनोळखी म्हणूनच नोंदली जातात. वेगवेगळ्या ठाण्यांच्या या वह्या एकमेकींशी जुळवण्याची मेहनत व्हायला हवी, आणि ती नेहमीच होते असं नाही.

२०१५ मध्ये गाजलेल्या एका प्रकरणात, तपास यंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे, २०१२ मध्ये मुंबईतून बेपत्ता झालेल्या तरुणीचे अवशेष त्याच वर्षी मे महिन्यात पेण तालुक्यात मिळाले होते. दुवा जुळायला तीन वर्षं गेली. २०२२ मध्ये वसईच्या एका तरुणीचा शोध सुरू झाला तोही कोणाच्या तर्कामुळे नाही. दोन महिन्यांहून जास्त काळ तिचा फोन लागत नाही, एवढी साधी गोष्ट एका मित्राने तिच्या भावाला कळवली. पुढे बँकेतले व्यवहार आणि मोबाइलचं लोकेशन यांतली विसंगती पोलिसांनी पकडली. दोन्ही खटल्यांतल्या माणसांबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. पण कामी आली ती माहिती, तारखेसकट.

परदेशातल्या माणसाकडे अशी माहिती असू शकते. शेवटचा व्हिडिओ कॉल किती वाजता झाला, तेव्हा अंगावर काय होतं, कुठल्या गावाचा उल्लेख झाला, पैसे मागितले का, औषधं कुठली चालू आहेत, जुनं फ्रॅक्चर किंवा टाक्यांचा व्रण कुठे आहे, दातांचा एक्स-रे कुठल्या डॉक्टरकडे आहे. भारतीय वेळेत, तारखेसह लिहून तपासी अंमलदारालाच पाठवा, ग्रुपवर नको. ग्रुपवर एकदा ‘निळा सदरा होता’ आलं की चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना निळा सदरा आठवायला लागतो. ‘पाहिलं’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं, कुठल्या वारी, अंगावर काय होतं, चाल कशी होती. फोटो नंतर दाखवावा.

पोस्टरवर तारीख, मिसिंगचा नंबर आणि पोलीस ठाण्याचा फोन हवाच. घरच्यांचा नंबर द्यायचाच असेल तर वेगळं सिम घ्यावं, कारण ‘तुमचा माणूस आमच्याकडे आहे, आधी गाडीभाड्याचे पैसे पाठवा’ असे फोन येतात. अंगावरची एक खूण पोस्टरवर मुद्दाम टाळावी. फोन करणाऱ्याला तीच विचारायची. स्टुडिओत काढलेला गोरा, गुळगुळीत फोटो नको. गेल्या सहा महिन्यांतला, रोजच्या कपड्यांतला, उभ्या शरीराचा हवा.

बाई स्वतःहून घर सोडून गेली असेल, मारहाणीला कंटाळून, तर तिचा फोटो हजार ग्रुपांवर टाकणारा माणूस मारणाऱ्यालाच तिचा पत्ता शोधून देत असतो. इंग्लंडमधले पोलीस सज्ञान माणूस सापडला की घरच्यांना ‘सुखरूप आहे’ एवढंच कळवतात, त्याची परवानगी नसेल तर ठिकाण सांगत नाहीत. मुंबईत हा रिवाज रुजलेला नाही, तो रुजावा असं मला मनापासून वाटतं. तोवर मिसिंगचा नंबर नसलेलं पोस्टर पुढे पाठवू नये, आणि काही कळलंच तर घरी नव्हे, ठाण्यात कळवावं.

बेपत्ता होणाऱ्यांत मनोरुग्ण आणि विस्मरणाने हरवलेली म्हातारी माणसं बरीच असतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी तर्क लढवत नाही, कारण त्यात खलनायक नसतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार देतं आणि त्यांच्या बोलण्यातून गावाचा माग काढून घरी पोचवतं. त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरचा असा माणूस हरवला असेल तर शीव, केईएम, नायर, जेजे, कूपर या रुग्णालयांच्या अपघात विभागांसोबत अशा संस्थांकडेही चौकशी करावी.

स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी ब्रिटनमध्ये ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा फॉर्म आहे. माणूस हरवण्याआधी घरच्यांनी भरून ठेवायचा, आणि वेळ आली की पोलिसांच्या हातात द्यायचा. तो मराठीत करायला कोणाची परवानगी लागत नाही. दादरला, डोंबिवलीला एकटे राहणाऱ्या आईवडिलांसाठी येत्या रविवारच्या कॉलवर भरता येईल: ताजा फोटो, उंची, खुणा, औषधं आणि ती चुकली तर काय होतं, कुठल्या नावाने हाक मारली की ओ देतात, जुनी चाळ, जुनी शाळा, जुनी नोकरी कुठे होती, कुठली बस आणि कुठली लोकल सवयीची, माहेर कुठलं. विस्मरण झालेला माणूस पुष्कळदा तीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर निघालेला असतो, म्हणून जुने पत्ते सगळ्यांत आधी लिहा. एक प्रत फ्रिजच्या दारावर, एक शेजाऱ्यांकडे, एक आपल्या फोनमध्ये. औषध बदललं की तिन्ही ठिकाणी बदलायची.