कमिशनवर पुस्तकं घेऊ नका

ग्रंथालयांच्या अनुदानाचा विषय निघाला की ठाण्यातल्या मित्रांमध्ये दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, अनुदान वाढवा. दुसऱ्याचं, वाचतंय कोण, बंद करा. ब्रिटनमध्ये, लीड्सला बसून हे ऐकताना वाटतं, मुद्द्याचं कुणी बोलतच नाही: आलेल्या पैशातून कुठलं पुस्तक घ्यायचं, हे ठरतं कसं?

2022 साली शासनाने परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारा वार्षिक पैसा, 60 टक्क्यांनी वाढवलं. तरीही 'ड' वर्गाच्या, म्हणजे अनुदानाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या, वाचनालयाच्या वाट्याला वर्षाला 48 हजार आले. निम्मे पगारात जातात. उरलेल्यात वर्तमानपत्रं, वीजबिल आणि पुस्तकं. शिवाय वर्ग टिकवायचा तर ग्रंथसंख्या दाखवावी लागते. समजा, 400 रुपये छापील किमतीचं एक पुस्तक 15 टक्के सवलतीत, म्हणजे कमिशनवर, मिळतंय, दुसरं 50 टक्क्यांत. पहिलं 340 ला, दुसरं 200 ला. हप्ता मार्चच्या तोंडावर हातात पडला असेल तर कार्यकारिणी दुसऱ्याच विक्रेत्याकडे जाणार. तिला दोष कसा देणार? नियमच तिकडे ढकलतात. पण एवढं कमिशन द्यायचं म्हणून किंमत आधीच फुगवली जाते आणि ते पुस्तक दुकानात साध्या वाचकाच्या आवाक्याबाहेर जातं. ज्याची आवृत्तीच 500 प्रतींची, त्या छोट्या प्रकाशकाला तर हे परवडतच नाही. त्याचं पुस्तक वाचनालयाच्या कपाटापर्यंत पोचत नाही.

आई ठाण्यात, नौपाड्यात राहते. ती सभासद असलेल्या वाचनालयात टेबलाला सुतळीने बांधलेली मागणीची वही आहे. तिने एका कादंबरीचं नाव लिहिलं, खाली आणखी तिघांनी 'मलाही हवी' असं लिहिलं. कादंबरी आली नाही. आला तो यशस्वी उद्योजकांच्या चरित्रांचा जाड पुठ्ठ्याचा संच. त्यातल्या निम्म्या पुस्तकांच्या तारखेच्या चिठ्ठीवर अजून एकही शिक्का नाही.

ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. 2010 नंतर इथे शेकडो लायब्रऱ्या बंद झाल्या. अनेक नगरपालिकांनी पुस्तकनिवडही घाऊक पुरवठादारावर सोपवली आहे. तो मागच्या देवघेवीचे आकडे बघतो, त्यामुळे गावोगाव त्याच रहस्यकथा दिसतात. हे आपल्याकडे नको. पण एका पुस्तकासाठी नंबर लावणारे वाढले की जादा प्रती मागवतात, हे घ्यावं. आणि 1979 चा कायदा घ्यावा. त्यानुसार पुस्तक घरी नेलं गेलं की लेखकाला सरकारकडून दर वेळी काही पेन्स मिळतात. एका लेखकाला वर्षाला 6,600 पौंडांहून जास्त नाही, म्हणजे सगळा पैसा नामवंतच नेत नाहीत.

ठाण्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी मला इथे नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 मध्ये याच शहरात उभं राहिलं आणि सभासदांनी चालवलेल्या वाचनालयांची परंपरा तिथे अजून जिवंत आहे. लीड्समध्ये मी लायब्ररीचा नुसता वापरकर्ता, निर्णय नगरसेवकांचा. तुम्ही वर्गणी भरता, कार्यकारिणी निवडता, वार्षिक सभेत उभं राहून विचारू शकता. विचारा. यंदा घेतलेल्या पुस्तकांची यादी छापील किंमत आणि सवलतीसकट फलकावर लावायला सांगा. ग्रंथखरेदीतली निदान एक चतुर्थांश रक्कम मागणीच्या वहीसाठी राखून ठेवा, असा ठराव मांडा. जे पुस्तक आणलं नाही, त्याच्यापुढे कारण लिहायला लावा.